चिरंजीव भाच्यास, वाड्याच्या पत्र्यांविषयी



ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील वाड्याच्या वरच्या मजल्याचे जुने पत्रे बदलण्याचे चिरंजीवाने मनावर घेतले, हे योग्यच झाले; मात्र जुन्या पत्र्यांवरच नवे ठोकून देण्याचा स्वस्त तोडगा कंत्राटदाराने सुचविल्यास तो मुळीच मान्य करू नये. गळतीचे मूळ बहुधा पत्र्याच्या अंगात नसून खिळ्यांच्या भोकांत, सांध्यांत आणि भिंतीलगतच्या कडेत असते, आणि त्या पाण्याने खालचे वासे किती कुजले आहेत हे पत्रा उतरविल्याखेरीज कळत नाही. वाशाची भिंतीत पुरलेली टोके टोच्याने तपासावीत, कारण वरून धडधाकट दिसणारे लाकूड तिथेच पोकळ झालेले असते.

पन्हळी पत्र्याचे आयुष्य त्यावरील जस्ताच्या मुलाम्यावर ठरते. जस्त आधी स्वतः झिजते आणि पोलादाला वाचविते, म्हणून केवळ जाडी न विचारता मुलाम्याचे दर चौरस मीटरचे वजनही विचारावे. ओला चुना व सिमेंट हा मुलामा खातात. तेव्हा भिंतीच्या सांध्यात थेट गिलावा न भरता वाकविलेल्या पत्र्याची पट्टी बसवावी. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारावेत, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. ग्वाल्हेरीत मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते व उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो, तर जानेवारीच्या रात्री तो गारठतो. साठ अंशांच्या फरकाने सहा मीटरचा पत्रा चार मिलिमीटरहून अधिक लांबतो-आखडतो. यासाठी भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे ठेवावे आणि रबरी वायसर चेपून टाकू नये.

येथील जुन्या इमारतींची छपरे वालुकाश्माच्या लांब फरशांची, म्हणजे पटियांची. जाड दगडातून उष्णता सावकाश उतरते, पत्र्यातून तत्काळ. म्हणून पत्रा व आतील तक्तपोशी यांमध्ये पोकळी ठेवून वळचणीपाशी व आढ्यापाशी हवेला वाट द्यावी. या खेळत्या हवेने हिवाळ्यातील धुक्याच्या रात्री पत्र्याला आतून सुटणारा घामही कमी होतो, ज्याला पुष्कळजण गळतीच समजतात.

काम दसऱ्यानंतर काढून फाल्गुनापूर्वी उरकावे. वैशाखात तापल्या पत्र्यावर मजुरांना चढविणे अमानुषपणाचे होय. १८७४ मध्ये पूर्ण झालेल्या जयविलास राजवाड्याच्या छतावर हत्ती चढविल्याची आख्यायिका ग्वाल्हेरकर अभिमानाने सांगतात, पण येथे माणसानेही पाय वाशांच्या रेषेवरच ठेवावा आणि कमरेला दोर बांधावा. लोखंडी पत्रे भंगारात वजनावर जातील. त्यांत राखाडी सिमेंटचे जुने पत्रे निघाल्यास मात्र ते ॲस्बेस्टॉसचे समजून फोडू वा कापू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. ते भिजवून अखंड उतरवावेत आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवावेत.