कुत्र्याची माया, मांजराची माया

आपण वावरातून घरी आलो की कुत्रा धावत येतो, शेपूट हलवतो. मांजर चुलीपाशी पडून राहते. म्हणून लोक म्हणतात, मांजर मतलबी. तसे नाही, बाबांनो.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला. लांडगे कळपाने राहतात. कुत्र्याचा कळप म्हणजे आपण. २०१५ साली जपानातल्या शास्त्रज्ञांना एक गोष्ट दिसली. कुत्रा व धनी एकमेकांकडे टक लावून बघतात, तेव्हा दोघांच्याही अंगात एक रस वाढतो. आई बाळाकडे बघते तेव्हा वाढतो, तोच हा रस.

मांजराचे पूर्वज एकटे फिरणारे. माणसाने धान्य साठवले, तिथे उंदीर आले. उंदरांमागे मांजर आले. ते पायाला अंग घासते, तीच त्याची माया.

माझे मन कुत्र्याकडे झुकते. आपल्या वाशीमकडे रानडुकरे फार; कुत्रा रात्रभर वावर राखतो. घरातली तूर मात्र मांजरच राखते हो!

दोघांपैकी कोणीही चावले वा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्या. पिसाळ रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. पाळलेल्या जनावरालाही दरवर्षी लस द्या.