स्वभावाला दोष देण्याआधी

१. सत्तरी ओलांडलेला माणूस चिडचिडा झाला की घरात निदान ठरलेलं : वय झालं! आमच्या सासऱ्यांच्या बाबतीत तेच झालं. आमटीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचे, शेजाऱ्यांचं नाव चटकन आठवायचं नाही, तळपायांना मुंग्या येतात म्हणून रात्री येरझाऱ्या घालायचे. मुंग्यांचं ऐकून डॉक्टरांनी बी-१२ तपासायला सांगितलं. बरंच खाली निघालं. जन्मभराचा शाकाहार, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. या औषधाने बी-१२चं शोषण कमी होतं. मज्जातंतूंचं आवरण राखायला आणि मेंदूतली रसायनं घडायला ते लागतं. पालेभाज्या कितीही खा, त्यांतून ते मिळत नाही. दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि महिन्या-दोन महिन्यांत माणूस निवळला. मूळचा तिखटपणा आहेच, तो कुठल्या सुईने जाणार!

२. हे आमच्या एकट्या घरचं दुखणं नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातले मध्यमवयीन पुरुष तपासले, त्यांत जवळजवळ दोनतृतीयांश जणांचं बी-१२ कमी होतं.

३. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. आमच्या जाऊबाई घ्यायच्या, आणि गुण येत नाही म्हणून डॉक्टरांना नावं ठेवायच्या. चहातली टॅनिनं लोह अडवतात. डोपामाइन, सेरोटोनिन ही मूड सांभाळणारी रसायनं बनवायला मेंदूला लोह लागतं. मेथीच्या भाजीवर लिंबू पिळावं, चहा तासाभराने.

४. एकादशीला नुसती साबुदाण्याची खिचडी खाऊन दुपारी डोकं फिरतं. प्रथिनांची जोड म्हणून दाण्याचं कूट सढळ घाला, सोबत ताक घ्या.

५. ‘केळं खा, सेरोटोनिन वाढेल’ हा सल्ला सोडून द्या. केळ्यात ते असतं, पण रक्तातून मेंदूत शिरत नाही. आतड्यात बनणारंही नाही, आणि शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास तिथेच बनतं. मेंदू आपलं सेरोटोनिन अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून स्वतःच तयार करतो. केळं मात्र जरूर खा, चांगलं फळ आहे.

६. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी नैराश्याच्या ६७ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे आहार सुधारलेल्या गटात सुमारे एकतृतीयांश जण नैराश्यातून बाहेर आले; नुसत्या गप्पांची सोबत मिळालेल्या गटात ८ टक्के. पण यातले बहुतेक जण आधीपासून उपचारही घेत होते. तेव्हा ताट सुधारा, पण मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.