हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

दोन स्थानांमधील अंतर किती, या प्रश्नाला एकच उत्तर असते असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. हवाई मार्गांच्या बाबतीत मात्र या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात : सरळ अंतर किती, विमानाला वेळ किती लागतो, आणि प्रवासी खऱ्या अर्थाने केव्हा पोहोचतो. श्रीनगर व लेह या विमानतळांच्या उदाहरणावरून त्यांचा विचार करू.

दोन्ही ठिकाणे ३४ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. त्यामुळे गणित सोपे होते. त्यांच्या रेखांशांत सुमारे पावणेतीन अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो. परंतु उत्तरेकडे जावे तसतशी रेखावृत्ते परस्परांजवळ येतात आणि ३४ अक्षांशावर हे अंतर सुमारे ९२ किलोमीटर उरते. ९२ ला पावणेतीनने गुणले असता सुमारे २५५ किलोमीटर हे हवाई अंतर मिळते. झोजी ला खिंड व कारगिल यांवरून जाणारा रस्ता मात्र ४०० किलोमीटरांहून अधिक लांब आहे.

ताशी ८०० किलोमीटर वेगाचे विमान हे अंतर वीस मिनिटांत तोडील. प्रत्यक्षात पाऊण तास ते एक तास लागतो. धावपट्टीपर्यंत जाणे, पर्वतांच्या वर चढणे आणि पुन्हा दरीत उतरणे यांतच बराचसा वेळ जातो. पूर्ण वेगाचे उड्डाण थोडेच घडते. शिवाय लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. ऊन चढू लागले की तेथील विरळ हवा अधिकच विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो आणि दुपारी वारेही वाढतात. म्हणून तेथील बहुतेक उड्डाणे सकाळीच होतात. सकाळ हुकली, तर दिवस हुकतो.

थेट विमान नसेल तर हिशोब पुरता पालटतो. दिल्लीमार्गे गेल्यास तोच प्रवास सुमारे १,२५० किलोमीटरांचा, म्हणजे जवळजवळ पाचपट होतो. झोजी ला बर्फाने बंद असताना लेहच्या रुग्णाला, विद्यार्थ्याला वा व्यापाऱ्याला नकाशावरील २५५ किलोमीटरांचा उपयोग नसतो. त्या दिवशी विमान उतरेल की नाही, एवढेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा विमान उतरविले, त्या घटनेचे मोल यावरून ध्यानी येईल.

आता तिसरा प्रश्न. श्रीनगरची उंची सुमारे १,६०० मीटर आहे. विमान प्रवाशाला तासाभरात त्याच्या दुप्पट उंचीवर नेऊन सोडते. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो. रस्त्याने वाटेत मुक्काम करीत जाणाऱ्याच्या शरीराला या बदलाशी जुळवून घेण्यास थोडी सवड मिळते. विमानाने येणाऱ्याने ती लेहमध्ये पोहोचल्यावर द्यावयाची असते. म्हणूनच पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, असा सल्ला दिला जातो. तो न मानणाऱ्यास डोकेदुखी, मळमळ, क्वचित फुफ्फुसांत वा मेंदूत पाणी साठण्याचा जीवघेणा विकारही होऊ शकतो.

सारांश, अंतर भूगोल ठरवितो, उड्डाणाचा काळ यंत्र व हवामान ठरवितात. परंतु पोहोचण्याचा काळ अखेर मानवी शरीरच ठरविते.