नव्या घराची कुरकुरणारी जमीन

जुन्या वाड्याच्या माडीवर पाऊल टाकताच कडीपाट कुरकुरला, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने खिळे ढिले झालेले असतात आणि तो आवाज घराच्या वयाचाच एक भाग मानला जातो. परंतु ताबा मिळून वर्षही लोटले नाही अशा घरात शयनगृहाची लाकडी जमीन पावलागणिक बोलू लागली, की मालकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. आयुष्याची पुंजी ओतून घेतलेले घर कच्चे तर नाही ना, हा प्रश्न त्यास झोपू देत नाही.

बंगळूरुतील बहुमजली इमारतींत सर्वत्र फरशी आणि एखाद्याच खोलीत लाकडी जमीन, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते. अशा घरात प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाड्याच्या माडीवर माणसांचा भार तुळया व पाट पेलतात. येथे तो काँक्रीटची लादी पेलते. वरच्या फळ्या हे केवळ आच्छादन होय. त्यामुळे त्यांचे कुरकुरणे हे घर खचण्याचे लक्षण सहसा नसते. मात्र ते अकारणही नसते.

आवाज कसा उत्पन्न होतो?

सारंगीचा गज तारेवरून फिरतो, तेव्हा राळ लावलेले केस तारेला क्षणभर धरून ठेवतात. ताण वाढला की तार निसटते आणि पुन्हा धरली जाते. हे धरणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा घडते व त्यातून स्वर निघतो. कुरकुरणाऱ्या फळीत हीच क्रिया बेसूरपणे घडत असते. फळी फळीवर, फळी खिळ्यावर किंवा फळी भिंतीच्या कडेवर घासते. जपानमधील क्योतो शहरी १६०३ साली उभारलेल्या निजो किल्ल्याच्या ओसऱ्या चालताना पक्ष्याप्रमाणे किलबिलतात. शत्रूची चाहूल लागावी म्हणून ती योजना मुद्दाम केली होती, अशी आख्यायिका आहे. आवाजाचे कारण मात्र फळ्यांखालील लोखंडी पकडी आणि खिळे यांचे घर्षण हेच आहे.

तेव्हा आवाजासाठी दोन गोष्टी लागतात : घर्षण आणि हालचालीस जागा. नव्या घरात ही जागा कोठून येते, हे आता पाहू.

लाकूड, हवा आणि पाणी

तोडलेले लाकूड निर्जीव असले तरी ते हवेतील दमटपणा घेते आणि सोडते. त्यातील पाण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांखाली उतरले की ते आकसू लागते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. पूर्ण वाळेपर्यंत सागवान गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, तर वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. या हिशेबाने १०० मिलिमीटर रुंदीच्या फळीतील ओलावा चार टक्क्यांनी घटला, तर तिची रुंदी सुमारे ०.८ मिलिमीटरने कमी होऊ शकते. आडवे-उभे थर चिकटवून बनविलेल्या फळ्यांत ही हालचाल पुष्कळ कमी असते. पण ती नाहीशी होत नाही.

बंगळूरु समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा मार्चच्या दुपारी बरीच कोरडी असते आणि जून ते ऑक्टोबर या काळात दमट. पावसाळ्यात घातलेली जमीन उन्हाळ्यात सैल पडते, तर उन्हाळ्यात घट्ट बसविलेली पावसाळ्यात फुगून भिंतीला भिडते. म्हणूनच भारतीय मानक २८७ मध्ये हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून प्रत्येकासाठी लाकडातील ओलाव्याची मर्यादा सांगितली आहे. याच शहरात १९३८ साली वनसंशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था लाकडाच्या गुणधर्मांचा अभ्यास करीत आली आहे.

दुसरे कारण लादीत दडलेले असते. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारणतः १८० लिटरच्या आसपास पाणी मिसळतात. सिमेंट त्याच्या वजनाच्या सुमारे पाव भाग एवढेच पाणी रासायनिक रीतीने बांधून ठेवते. उरलेल्यापैकी बराच भाग सावकाश बाहेर पडतो. दर २५ मिलिमीटर जाडीस सुमारे एक महिना, असा वाळण्याचा ढोबळ आडाखा आहे. म्हणजे १२५ मिलिमीटरची लादी निदान पाच महिने मागते. ताबा देण्याच्या घाईत ही मुदत पाळली न गेल्यास निघणारी वाफ फळ्यांत शिरते. तिला अडविण्यासाठी खाली प्लॅस्टिकचा अखंड पडदा हवा.

दोषाचा शोध

एकाने सावकाश चालावे, दुसऱ्याने कान देऊन खडूने खुणा कराव्यात. खुणा भिंतीलगत जमल्या, तर कडेची मोकळी जागा तपासावी. तेथे सुमारे १० मिलिमीटरची फट हवी. पाऊल पडताच फळी खाली दबत असेल, तर लादीत खळगा आहे असे समजावे; दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली तीन मिलिमीटरहून अधिक पोकळी दिसता कामा नये. सांध्यावरच आवाज येत असेल, तर खाच आणि जीभ एकमेकांवर घासत आहेत. फरशीचा पोकळ, ठक्‌ असा नाद ही निराळी तक्रार होय. तेथे फरशीखालचा मसाला नीट भरलेला नसतो.

उपाय

सांध्याच्या कुरकुरीवर शंखजिऱ्याची पूड ब्रशने आत उतरविणे हा सोपा उपाय आहे. तिने घर्षण घटते, पण सैलपणा जात नाही. कडेस अडकलेली फळी सुताराकडून तासून घ्यावी. खळगा असल्यास फळ्या उचलून लादी समतल करण्यावाचून गत्यंतर नाही. तुळयांवर खिळ्यांनी जडविलेल्या माडीत मात्र खिळ्याऐवजी स्क्रू वापरावा, आणि फटीत पाचर सरस लावून हलक्या हाताने बसवावी. ती ठोकून घातल्यास फळी उचलली जाते व आवाज शेजारी सरकतो. तरंगत्या फळ्या लादीला स्क्रूने कधीही जखडू नयेत. फुगण्याची वाट बंद होऊन त्या मधोमध उचलल्या जातात.

फळी मऊ लागणे, काळे डाग, वाळवीची माती किंवा लादीतच भेग, यांपैकी काही दिसल्यास विलंब न करता जाणकार अभियंत्यास बोलवावे.

थांबावे, पण नोंद करून

केवळ कुरकुर असेल, तर एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊ देणे शहाणपणाचे ठरते. पुष्कळ आवाज ऋतूंबरोबर येतात आणि जातात. परंतु हे थांबणे मुके असू नये. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ अन्वये, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. जमीन मालकाने स्वतः घालून घेतली असेल, तर जबाबदारी ते काम करणाऱ्या कंत्राटदाराकडे जाते. म्हणून पहिला आवाज ऐकू येताच तारीख, जागा व हवामान वहीत टिपावे, आणि पत्र पाठवून त्याची पोच जपून ठेवावी. लाकडाला स्थिरावण्यास वेळ द्यावा. मात्र त्या वेळात आपला हक्क निसटू देऊ नये.