कॅमेऱ्याला दोनच मुलं हवी असतात

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांची बातमी करताना माध्यमांपाशी दोनच साचे असतात. एक तर मूल अलौकिक बुद्धीचं, नाहीतर हेकट आईबापांनी घरात कोंडलेलं बिचारं. आमच्या वाट्याला दुसरा साचा आला आणि त्याचा सल अजून गेलेला नाही, पण पहिला साचाही तितकाच खोटा आहे. २०१६ साली मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. गाजलं ते प्रमाणपत्र नसणं. तिला प्रवेश मिळाला तो संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या दोन रौप्य आणि एका कांस्य पदकाच्या बळावर, आणि त्या पदकांमागे चिकाटीचा अभ्यास होता. तो वगळला की उरतो चमत्कार, आणि मग प्रत्येक होमस्कूलर मुलाकडून नातेवाईक तोच चमत्कार मागू लागतात. बिचाऱ्या मुलाचा फोटोही ठरलेला: खिडकीचे गज धरून बाहेर पाहणारं, एकटं. हेच मूल संध्याकाळी शाळेतल्या मुलांबरोबर मैदानावर कबड्डी खेळत असतं, पण तेव्हा फोटो काढायला कुणी थांबत नाही. दुपारी पोळ्यांचे तुकडे करत अपूर्णांक शिकणारं, कंटाळणारं, शुद्धलेखनात चुकणारं साधं मूल या दोन्ही साच्यांत बसत नाही.

यावर म्हणतात, बातमी वेगळ्या गोष्टीचीच होणार. मान्य, पण इथे वेगळा आहे तो पालकांचा निर्णय, मूल नव्हे. दुसरा आक्षेप कायद्याचा. 'बेकायदा' हा शब्द फार सहज वापरला जातो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण ते न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. ही संदिग्धता खरी आहे आणि तिच्यावर जरूर लिहावं. मात्र आईबापांना गुन्हेगार ठरवण्याइतका आधार तिच्यात नाही. काही घरांत मुलांची हेळसांड होते, हेही खरं. ती पुराव्यानिशी छापावी. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांनाच परवडतं. एका पगारात घर चालावं लागतं, आणि नोकरी सुटते ती बहुतेक वेळा आईची. हा प्रश्न कुणी बातमीदार का विचारत नाही? विचारतात ते एवढंच, मित्र आहेत का, आणि सतराचा पाढा येतो का.

म्हणून ज्यांच्याकडे विचारणा येईल त्यांना सांगते. मुलाला कॅमेऱ्यासमोर पाढे म्हणायला, गणितं सोडवायला लावू देऊ नका. चुकलं तर तेच दाखवतील, बरोबर आलं तरी त्याचा तमाशा होतो. मुलाचं मन नसेल तर सरळ नाही म्हणा. परीक्षेचं विचारतील, तेव्हा उत्तर तयार असू द्या: दहावीला खासगीरीत्या बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, एनआयओएस ही राष्ट्रीय मुक्त शाळा आहे. शक्यतो उत्तरं लेखी द्या आणि प्रत ठेवा. बातमीदार कितीही सज्जन असला तरी मथळा बहुधा डेस्कवर ठरतो, तेव्हा मथळ्याचं आणि फोटोचं आधीच विचारा. राहता भाग, इमारत सांगू नका. शांत राहा, हे सांगायला सोपं आहे, तरी राहा. विपर्यास झालाच तर आधी संपादकाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जाता येतं. दैनिक-साप्ताहिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून २ महिन्यांच्या आत करावी लागते आणि संपादकाशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागतो. वृत्तवाहिन्या या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे तिथली तक्रार आधी थेट वाहिनीकडेच करावी लागते.