दागिन्यांची खोली आणि घरातील रसायने

आपल्या सराफ बंधूंपैकी पुष्कळांचे दुरुस्तीचे व उजळणीचे काम राहत्या घरातील एखाद्या खोलीत चालते. तेथे तेजाबाची बाटली असली तर सर्वजण सावध असतात. परंतु ब्लीच, शिरका, अमोनिया या 'घरातल्याच' वस्तूंविषयी कोणास भय वाटत नाही. प्रस्तुत लेखकाचा व्यापार धान्याचा आहे. गोदामातील किडीसाठी वापरावयाची अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतील ओलाव्यानेच फॉस्फीन हा प्राणघातक वायू सोडते, हे आम्हा धान्यवाल्यांस ठाऊक असते. कोणती वस्तू कशाच्या सहवासात येते, यावर धोका ठरतो. दागिन्यांच्या खोलीसही हाच नियम लागू आहे.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. त्यात शौचालय धुण्याचे आम्ल, किंबहुना शिरका जरी मिसळला, तरी क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. आणि आपला कारागीर जमिनीवरच बसून काम करतो! ब्लीचमध्ये अमोनिया मिसळल्यास क्लोरामाइन हे तितकेच दाहक वायू निर्माण होतात. शिवाय ब्लीचने सोन्यातील तांबे, चांदी व निकेल यांची झीज होते. म्हणजे दागिन्याचेही नुकसानच.

डाक लावल्यावर चढलेला काळा थर काढण्यास कित्येकजण शिरका व मीठ यांचे गरम द्रावण वापरतात. ते हळूहळू निळे-हिरवे होते, कारण त्यात तांबे उतरते. म्हणून त्यासाठी घेतलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. खाण्याचा सोडा टाकल्याने आम्ल शमते, तांबे मात्र विरघळलेले वा गाळात बसलेले तसेच राहते. असे पाणी मोरीत ओतू नये. मोती शिरक्यात कधीही बुडवू नयेत, ते विरघळतात.

चांदी काळवंडविण्याच्या गंधकयुक्त द्रावणास आम्लाचा स्पर्श झाल्यास हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. त्यास सडलेल्या अंड्याचा वास येतो. परंतु वायूचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नष्ट होते. वास थांबला म्हणजे संकट टळले, असे समजू नये.

यास्तव पुढील नियम पाळावेत. प्रत्येक बाटलीवर नावाची चिठ्ठी असावी; पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत रसायन कदापि भरू नये. ब्लीच व आम्ल वेगवेगळ्या कपाटांत, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावे. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. खिडकी उघडी असावी, डोळ्यांस चष्मा असावा. तोंडास बांधलेले फडके वायू अडवीत नाही.

अपघात घडल्यास डोळा अथवा कातडी वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी. वायू कोंडल्यास प्रथम सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे. आम्ल पोटात गेल्यास ओकारी करवू नये. बाटलीसह रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.

सोने तोलताना आपण गुंजेचाही फरक सोडीत नाही. तीच काटेकोर दृष्टी सभासद बंधुभगिनींनी आपल्या फळीवरील बाटल्यांवरून एकवार फिरवावी, एवढीच विनंती.