जवस, ताग आणि अल्तारावरचा रुमाल

मराठी बायबलात 'तागाचे वस्त्र' येते तेथे गोणपाटाचा ताग समजू नये. ते कापड जवसाच्या, म्हणजे आपल्या अळशीच्या, काडीतील धाग्याचे. प्रभूचे शरीर गुंडाळले तेही असेच (योहान 19:40).

आपण रब्बीत जवस पेरतो तो तेलासाठी. त्याचे झाड ठेंगणे, फांद्यांचे. धाग्याचा वाण उंच व सरळ. तो दाट पेरतात. पीक कापीत नाहीत, मुळासकट उपटतात. मग काड्या पाण्यात किंवा दवात कुजवितात, तेव्हा सालीतला धागा सुटतो. कमी कुजल्या तर धागा सुटत नाही, जास्त कुजल्या तर तुटतो.

हे कापड ओल चटकन टिपते, आणि ओले असता अधिकच बळकट होते. हल्ली काही भाविक हौसेने प्याला पुसण्यासाठी पॉलिएस्टरचे रुमाल शिवून देतात. दिसतात छान, पण थेंब टिपण्याऐवजी पसरवितात. आणि थेंब तो प्रभूच्या रक्ताचा! तागाचे परवडत नसेल तर साधे सुती द्यावे, असे आम्ही सुचवितो. धुताना पहिले पाणी मोरीत न सोडता मातीत ओतावे.

जवसाची चटणी मात्र घरोघरी व्हावी. बी भाजून कुटावे, कच्चे फार खाऊ नये, आणि वर पाणी भरपूर प्यावे.